वाटसरूचे देणे

वैशाखाच्या दिवसांत नागोठण्याच्या हमरस्त्यावर उभे राहिले असता अलीकडे एक नव्या तऱ्हेची गाडी मधूनमधून दृष्टीस पडते. बाहेरून ती लहानशा बससारखी दिसते. परंतु आत डोकावून पाहिले म्हणजे निजावयाच्या फळ्या, गॅसची शेगडी, कपड्यांचे कपाट, हात धुण्याचे भांडे, व मागल्या कोपऱ्यात न्हाणी आणि शौचकूपसुद्धा आढळतात. शहरातील लोक हिला कॅराव्हॅन किंवा मोटारहोम म्हणतात. आमच्या गावच्या मुलांनी तिचे नाव घरगाडी असे ठेविले आहे, आणि तेच आम्हांस अधिक पसंत आहे. अशा गाड्यांतून प्रवास करणाऱ्यांस उत्तेजन मिळावे म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२१ साली एक धोरणही ठरविले आहे.

एका खेड्यातील उपदेशक बंधूंनी आम्हांस असा प्रश्न केला की, चार दिवसांच्या मौजेसाठी एवढे भाडे भरून असे हिंडणे हे विश्वासणाऱ्या मनुष्यास शोभते काय? आमच्या मते हा प्रश्न फारसा कठीण नाही. ज्याने कष्ट करून पैसा मिळविला, कोणाचे देणे बुडविले नाही, आणि घरच्या मंडळीस घेऊन तो रानात व समुद्रकाठी चार दिवस राहिला, त्याने काही पाप केले असे आम्ही म्हणणार नाही. इस्राएल लोकांस तर वर्षातून सात दिवस पक्के घर सोडून डहाळ्यांच्या मांडवांत राहण्याची आज्ञाच होती. आणि तीही ह्यासाठी की आपले वाडवडील भटके होते ह्याचा त्यांस विसर पडू नये. घर सोडणे कधीकधी मनुष्यास हितकारक असते. परंतु ह्या प्रवासात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, व तो आम्हांस आमच्याच चुकीमुळे कळून आला. तो असा की, ज्या ठिकाणी आपण एकच रात्र राहणार, त्या ठिकाणच्या लोकांचे आपण काय देणे लागतो?

नागोठणे हे गाव पूर्वीपासून वाटसरूंचे आहे. अंबा नदीवरील जुना दगडी पूल चौलच्या काझी अलाउद्दीन याने सन १५८० च्या सुमारास बांधला असे कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात म्हटले आहे. (आपल्या जिल्ह्याचे कुलाबा हे नाव बदलून रायगड झाले ते १९८१ साली.) तो पूल इतका अरुंद आहे की त्यावर आजच्या दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीने मागे फिरलेच पाहिजे. भरतीच्या पाण्याबरोबर खाडीतून गलबते व पुढे आगबोटीही येथपर्यंत येत असत. आगगाडीचे जाळे पसरण्यापूर्वी मुंबईचे गोरे साहेब उन्हाळ्यात महाबळेश्वरी जात, ते कित्येकदा नागोठण्यास उतरून पुढचा रस्ता पालखीने काढीत. साहेबाबरोबर तंबू, खाट, भांडीकुंडी व खानसामा, अशी सर्व जामानिमा असे. म्हणजे घर बरोबर घेऊन हिंडण्याची युक्ती काही नवी नाही. भेद एवढाच की त्या वेळी घराचे ओझे माणसांच्या खांद्यांवर होते, व आता ते चाकांवर आले आहे. खांद्यांवरचे ओझे सर्वांस दिसत असे. चाकांवर आलेल्या घराचे ओझे कोणावरच पडत नाही असे आपल्यास वाटू लागते. निदान आम्हांस तरी तसे वाटले.

मागल्या एका उन्हाळ्यात आमच्या मंडळीतील एका जुन्या घराण्याचे चिरंजीव, जे मुंबईस नोकरीस आहेत, अशी घरगाडी भाड्याने घेऊन गावी आले. बरोबर त्यांची पत्नी व दोन मुले होती, व येथून त्यांनी आपल्या वृद्ध मातोश्रींस घेतले. पाचवी निजावयाची फळी रिकामी होती, म्हणून त्यांनी आग्रह करून आम्हांसही चलण्यास सांगितले. आम्ही फारसे आढेवेढे घेतले नाहीत. दौऱ्यावर नेहमी एसटीने अथवा कोणाच्या मोटारसायकलवर मागे बसून जाणाऱ्या मनुष्यास गादीवर पडून खिडकीतून डोंगर पाहावयास मिळाले तर तो नाही म्हणत नाही.

भिसे खिंडीतून आम्ही रोह्यास उतरलो, कुंडलिका ओलांडली, आणि चणेऱ्याच्या बाजूने मुरुडच्या डोंगरांकडे वळलो. बेत असा होता की फणसाडच्या अभयारण्याची कड पाहून रात्री काशीदच्या किनाऱ्यावर पोहोचावे. फणसाडचे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे राखीव रान होते, व १९८६ साली ते अभयारण्य झाले. तेथील गारंबीचा वेल झाडावरून झाडावर हातभर जाडीचा होऊन गेलेला असतो, आणि नशीब असले तर शेकरूही दिसते. रानात जागोजाग पाणथळीच्या जागा आहेत. तेथील लोक त्यांस गाण म्हणतात. उन्हाळ्यात जनावरे त्याच गाणांच्या आधाराने जगतात. म्हाताऱ्या आजी खिडकीशी बसून प्रत्येक झाडाचे नाव नातवंडांस सांगत होत्या: हा ऐन, हा किंजळ, हा खैर, ही अंजनी. ज्या बाईने सारे आयुष्य चूल व शेत ह्यांच्यामध्ये काढिले, तिच्या तोंडावरचा त्या दिवशीचा आनंद पाहून, ह्या भाड्याचे पैसे वाया गेले असे म्हणण्याचे धैर्य त्या उपदेशक बंधूंसही झाले नसते.

पण उन्हाळ्याची धूळ व मुलांची हौस, ह्यांच्या योगाने दुपारीच गाडीतील टाकी रिकामी झाली. नळी फिरविली की पाणी येते, ही गंमत मुलांस नवी होती. त्यांनी दोनदा अंघोळ केली. टाकी सुमारे १०० लिटरची होती. संध्याकाळ होऊ लागली, आणि पुढचा घाटाचा अरुंद रस्ता अंधारात एवढी लांब गाडी घेऊन उतरण्यास चालक तयार होईना. तेव्हा रस्त्यालगतच्या एका सपाट माळावर मुक्काम करावा असे ठरले. माळापासून हाकेच्या अंतरावर कातकऱ्यांची एक वाडी आहे. तिचे नाव आम्ही येथे मुद्दाम देत नाही. तेथे आमची मंडळी नाही. परंतु दौऱ्यावर असता आम्ही दोन-तीन वेळा तेथे बसलो होतो, व एकदा तेथील एका आजारी मुलास रोह्यास इस्पितळात पोहोचविण्याचे काम आमच्या हातून झाले होते. म्हणून आम्हीच मोठ्या हुशारीने म्हणालो की, "पाण्याची काळजी नको, येथे आमची ओळख आहे."

कोकणात पाऊस किती पडतो हे वाचकांस सांगावयास नको. रायगड जिल्ह्यात वर्षास ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परंतु तो डोंगरउतारावरून खाडीत व खाडीतून समुद्रात निघून जातो, आणि ज्या वाड्या वर डोंगराच्या अंगास आहेत त्यांच्या विहिरी वैशाखात तळ दाखवितात. त्या वाडीच्या विहिरीत एक बाई उतरून बसली होती, व कातळाच्या फटीतून झिरपणारे पाणी वाटीने हंड्यात भरीत होती. वर दहा-बारा बायका आपापले हंडे रांगेने मांडून बसल्या होत्या. आम्ही वाडीच्या वडील मनुष्यास भेटलो व आमची गरज सांगितली. त्याने बायकांकडे पाहून एवढेच म्हटले की, साहेबांस पाणी पाहिजे. रांग बाजूस झाली. एक हंडा सुमारे १५ लिटरचा धरिला तर सात हंडे पाणी आमच्या टाकीत गेले. बायकांनी ते स्वतः डोक्यावरून माळापर्यंत आणून दिले. आम्ही आभार मानले तेव्हा त्यांच्यापैकी एक बाई हसून म्हणाली, "वाटेच्याला पानी नको कसं म्हनायचं?"

हे शब्द आमच्या अंतःकरणास इतके लागले की त्या रात्री गाडीत प्रार्थना करिताना आम्ही गरिबांच्या उदारपणावर चार वाक्ये बोललो. ती चांगली वाक्ये होती. मग दिवसभराच्या घामाने सर्वांच्या अंगास चिकटा आला होता म्हणून मंडळींनी पाळीपाळीने अंघोळी केल्या. आम्हीही केली.

रात्री नऊच्या सुमारास एक टेम्पो वाडीपाशी येऊन उभा राहिला. पनवेलच्या बाजूच्या वीटभट्टीवरून चार कुटुंबे पावसाळ्यासाठी परत आली होती. कातकरी लोकांची ही रीत वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. पूर्वी हे लोक खैराच्या लाकडाचा कात काढीत, व त्यावरूनच त्यांचे नाव पडले. रानावर सरकारचे निर्बंध आल्यानंतर तो धंदा त्यांच्या हातून गेला. आता पावसाळ्यात शेतमजुरी, आणि भात कापून झाले की भट्टीमालकाकडून उचल घेऊन, बायकामुलांसह वीटभट्टीवर अथवा कोळशाच्या भट्टीवर जाणे, असे वर्ष निघते. घेतलेली उचल पुष्कळदा फिटत नाही, व पुढल्या वर्षी पुन्हा त्याच मालकाकडे जावे लागते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. परंतु कर्जाने बांधलेला मनुष्य आपण बांधलेलो आहोत असे कोठे लिहून देत नाही.

टेम्पोतून काय काय उतरले ते आम्ही आमच्या खिडकीतून पाहिले. गोधड्यांची गाठोडी, जर्मनची पातेली, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या, एक शेळी, पत्र्याची पेटी, आणि झोपलेली मुले. त्यांचेही घर चाकांवरून आले होते. आमच्या गाडीतील दोन मुले व टेम्पोतून उतरलेली एक मुलगी एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिली. मुलाने आपल्या आईस विचारले की, ही माणसेसुद्धा फिरावयास गेली होती काय? आईने त्यास काय उत्तर दिले ते आम्हांस ऐकू आले नाही.

त्यानंतर आम्ही निजलो. मध्यरात्रीच्या सुमारास जाग आली तेव्हा विहिरीच्या बाजूस एक दिवा खाली-वर होताना दिसला. काही पूजाविधी चालला असेल असे समजून आम्ही कूस बदलली.

सकाळी चहाच्या वेळी आजी काही बोलेनात. चहाचा कपही त्यांनी बाजूस सारला. मुलाने फार विचारले तेव्हा त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "पाळकसाहेब, रात्री चार घरची माणसं उपाशीतापाशी आली, आणि वाडीत एका हंड्यात पाणी नव्हतं. बाया रात्रभर विहिरीत बसून होत्या. मी मोजलं. पहाटेपर्यंत पाच हंडे भरले."

आम्हांस दिवा दिसला होता, आणि त्या बाईस त्या दिव्याचा अर्थ समजला; कारण तिने तरुणपणी स्वतः वाटीने पाणी भरले होते. आम्ही मात्र पाळक असून कूस बदलली होती.

चिरंजीव सज्जन गृहस्थ आहेत. ते तत्काळ उठले व वाडीत जाऊन त्या वडील मनुष्याच्या हातात त्यांनी ५०० रुपयांची नोट ठेविली. त्याने ती घडी करून खिशात घातली. बोलला काहीच नाही. गाडी सुरू झाली, आणि मंडळींचे मन हलके झाले. आजींचे झाले नाही.

आता ह्या प्रसंगाचा थोडा विचार करू. कोणी म्हणेल की, पैसे दिले, व्यवहार पुरा झाला. दुकानात हे खरे आहे. दुकानदाराने मीठ विकले तर त्या पैशांत तो दुसरे मीठ आणितो. परंतु त्या रात्री ५०० रुपयांनी विहिरीत वाटीभरही पाणी वाढले नसते. टंचाईच्या दिवसांत टँकरने माणशी दररोज २० लिटर पाणी द्यावे असे शासनाचे प्रमाण आहे. म्हणजे आमच्या टाकीत पाच माणसांचे एका दिवसाचे पाणी होते. (२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन योजनेचा उद्देश माणशी ५५ लिटर नळाने देण्याचा आहे. ज्या घरी तो नळ आला व त्यास पाणीही आले, तेथील बाईस त्याचे मोल विचारावे.) शिवाय पैसे आपण केव्हा दिले? पाणी संपल्यावर, आणि आपल्या मनास टोचू लागले म्हणून. ते पैसे त्या वाडीच्या तहानेसाठी नव्हते. आमच्या अस्वस्थतेवर ते औषध होते.

दुसरा कोणी म्हणेल की, त्यांनी राजीखुशीने दिले, मग तुमचा दोष तो काय? ह्या म्हणण्यापाशी आम्ही पुष्कळ दिवस अडून राहिलो, कारण ते वरवर बिनतोड दिसते. त्या बाई हसून बोलल्या होत्या, कोणी कोणावर जुलूम केला नव्हता. परंतु आमच्या मनात एक प्रश्न येतो. त्यांस नाही म्हणता आले असते काय?

आमच्या आजोबांच्या वेळी साहेबाचा तळ गावाबाहेर पडला म्हणजे दूध, कोंबड्या, सरपण व गवत गावकऱ्यांस पोहोचवावे लागे. वेठीस धरलेले लोक ओझी वाहत. तेही कधीकधी हसून देत असतील. साहेबापुढे रडून कोणाचा लाभ झाला आहे? त्या वेठीस आपण अन्याय म्हणतो, कारण तेथे हुकूम होता. आम्ही हुकूम केला नाही, विनंती केली. पण विनंती करणारा कोण, हेही पाहिले पाहिजे. ज्याने त्यांचे मूल इस्पितळात नेले तो. ज्याला ते साहेब म्हणतात तो. आणि ज्याच्या मागे घराएवढी गाडी उभी आहे तो. असा मनुष्य गरिबाच्या दारी जाऊन हात पसरतो, तेव्हा ती विनंती राहत नाही. आणि आम्ही मुलास इस्पितळात पोहोचविले त्याचे मोल आम्ही त्या संध्याकाळी, न कळत, सात हंडे पाण्याने वसूल करून घेतले, असेही म्हणता येईल. हे लिहिताना आम्हांस सुख होत नाही.

हा प्रश्न केवळ घरगाडीवाल्यांचा आहे असे समजून उपदेशक बंधूंनी पान उलटू नये. आपण दौऱ्यावर जातो. ज्या घरी उतरतो त्या घरी आपण येण्यापूर्वी कोणी तरी शेजारी जाऊन साखर उसनी आणिते. अंड्यांवर बसावयाची कोंबडी त्या दिवशी कापली जाते. आपण जेवताना बाई दाराआड उभी असते, व मुले नंतर काय खातात हे आपण पाहत नाही, कारण आपणांस पुढच्या वाडीस जावयाचे असते. गावात घर असलेल्या मनुष्याने आज शेजाऱ्याचे मीठ घेतले तर उद्या तोच शेजारी त्याच्या दारी येतो. देणेघेणे डोळ्यांसमोर राहते, आणि खोटेपणा फार दिवस टिकत नाही. वाटसरूचे तसे नाही. तो सकाळी निघून जातो. आपल्या पाठीमागे रात्री किती वेळ दिवा जळत होता हे त्याला कोणी कळवीत नाही. चाके असलेल्या घराचा मोठा धोका आम्हांस हाच वाटतो. आणि पाळकाच्या व उपदेशकाच्या जिण्यातही तो आहे, जरी आपले पाय चपलांत असले तरी.

मग काय, कोणाचे पाणीच घेऊ नये? आमच्या जिल्ह्यात राहणाऱ्या मनुष्याने हे तोंडातून काढण्यापूर्वी महाडची आठवण ठेविली पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्याबरोबरचे लोक महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. ते पाणी अमृत होते म्हणून नव्हे. सर्वांस मोकळे असलेले पाणी आपणांस वर्ज्य केले जाते, हा अपमान ह्यापुढे सोसावयाचा नाही म्हणून. ह्या देशात शेकडो वर्षे एकाने दुसऱ्याच्या हातचे पाणी नाकारून त्याचे मनुष्यपण नाकारिले आहे. आपल्या मंडळीतील किती तरी कुटुंबांच्या आठवणीत ही जखम अजून ओली आहे. गरिबाच्या घरी जाऊन त्याचे पाणी न पिणे हे साधे काम नाही. विहिरीवर बसलेल्या आपल्या प्रभूनेही शोमरोनी बाईपाशी पाणी मागितले, व जिच्या भांड्यास त्याच्या जातीचे लोक शिवत नसत तिच्याच भांड्यातून मागितले. पण त्याला तहान लागली होती, आणि त्याच्याजवळ पोहरा नव्हता. त्याने तांब्याभर मागितले. आम्ही टाकीभर मागितले, व ते अंगावर ओतून घेतले.

प्रवासाची उरलेली हकीकत थोडक्यात सांगू. फणसाडच्या कडेने आम्ही उतरलो, शेकरू दिसले नाही, पण एक मुंगूस दिसले त्यावर मुलांनी समाधान मानिले. काशीदच्या सुरूच्या झाडांखाली गाडी उभी केली. आजी साठ वर्षांत समुद्रात पाय घालून उभ्या राहिल्या नव्हत्या. त्या गुडघाभर पाण्यात लुगडे धरून उभ्या राहिल्या व कितीही हाक मारिली तरी बाहेर येईनात. मुलांस पुढे पोहावयाचे होते. एका कोळ्याने येऊन, ओहोटी लागली आहे, आता पुढे जाऊ नका, असे सांगितले, आणि मुलांचे वडील किंचित रागावले. मग त्या कोळ्याने मुरुडची गोष्ट काढली. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीस आलेल्या महाविद्यालयातील चौदा मुलामुलींस त्या समुद्राने ओढून नेले. वडिलांनी मुलांस बाहेर बोलाविले. येथेही आम्हांस तीच गोष्ट दिसली. परक्या ठिकाणी आपण कशावर जगतो? तेथल्या मनुष्याच्या माहितीवर, त्याच्या सावधपणावर, व त्याने येऊन बोलण्याचे कष्ट घेतले त्यावर. ह्याची पावती कोणी देत नाही.

परत येताना आजींनी हट्ट धरिला की त्याच रस्त्याने जावयाचे, आणि त्या वाडीचे पाणी परत द्यावयाचे. चिरंजीवांनी मुरुडास एका खानावळीत जेवण घेतले, तेथे टाकी भरून घेतली, शिवाय २० लिटरचे चार डबे विकत घेऊन तेही भरले. दुपारी आम्ही वाडीवर पोहोचलो. आजी स्वतः खाली उतरल्या, हंडे मागून घेतले, व नळीने एकेक भरून दिला. बायका प्रथम लाजल्या, मग हसू लागल्या. गाडीतून पाणी येते हे पाहण्यास सारी वाडी जमली. आमच्या मनास फार बरे वाटले, आणि आता हिशेब पुरा झाला असे म्हणण्याच्या बेतात आम्ही होतो. तेवढ्यात, वाटेच्याला नको कसे म्हणावे असे ज्या बाई म्हणाल्या होत्या, त्यांनीच विचारले, "ह्ये पानी कुठलं आनलंत?"

"मुरुडचं," आम्ही म्हणालो.

"तिकडं पुष्कळ हाय का?"

आम्ही तिकडे विचारले नव्हते. खानावळीच्या मागे पिंपे ओळीने लावून ठेविलेली दिसली होती खरी. त्या बाईंनी पुन्हा विचारले नाही; हंडा उचलला व चालू लागल्या.

त्या दिवसापासून आम्ही दौऱ्यास निघताना पाण्याचा डबा बरोबर घेऊ लागलो. दोन-तीन वाड्यांत ह्याचा उपयोगही झाला. मग पालीच्या बाजूस एका घरी गेलो असता तेथील वृद्ध बहिणीने आमच्या हातातील डबा पाहिला. तिच्या सासऱ्याच्या काळी गावच्या विहिरीवर त्यांच्या घरास जाऊ देत नसत, व वरच्या आळीचे लोक तिच्या अंगणात आले तर आपले पाणी आपल्या तांब्यात घेऊन येत. ती म्हणाली, "पाळकसाहेब, तो डबा भाईर ठिवा." आम्ही बाहेर ठेविला. मग आत जाऊन बसलो, व पाण्याच्या जागेकडे पाहिले. दोन हंडे होते. एक भरलेला, दुसरा अर्धा. तिने तांब्या भरून दिला. आम्ही प्यालो. आणखी देऊ काय असे तिने विचारले तेव्हा, तहान नव्हती तरी, थोडे आणखी प्यालो.